म्हातारीचा हात

हातगाडीवर सहा म्हाताऱ्या आडव्या पडल्या होत्या आणि सातवी आत्याच्या हातात होती. भांडारवाल्या काकांनी प्रत्येकीच्या तळाला बोट लावून मोजल्या, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, आणि दोन्ही वेळा सातच भरल्या. पाच पिवळ्या, दोन लाल. एकीचा तळ गंजून चाळणी झालेला. एकीच्या हाताला कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम वाळून खडा झालेलं. आत्याच्या म्हातारीचा रंग मात्र एकाच जागी उडाला होता, हाताच्या खालच्या अंगाला, जिथे चार वर्षं पोरांची डोकी लागत आली होती.

"ठेव आता," काका म्हणाले. "म्हातारीला सासरी पाठवतेयस का, इतकी धरून बसलीस ती?"

"भिंतीला उभी ठेवा, काका. आडवी पडली की हात वाकतो तिचा."

"वाकला तर वाकला. आता कुणाचं माप घ्यायचंय तिला?"

आत्याने तरीही ती कोपऱ्यात उभीच केली.

म्हातारी म्हणजे उंची मोजायची काठी. लोखंडाचा खांब आणि वरून पुढे आलेला एक आडवा हात. लांबून कमरेत वाकलेली बाई उभी असल्यासारखी दिसायची, म्हणून पार्कमध्ये सगळेच तिला म्हातारी म्हणत. प्रत्येक राइडच्या तोंडाशी एक. मुलाने तिच्या हाताखालून चालत जायचं. डोकं हाताला लागलं तर आत, नाही लागलं तर परत. कुठल्याही कर्मचाऱ्याने मुलाला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचं नाही, हा तिथला जुना रिवाज होता. "मी नाही म्हणत रे राजा, म्हातारी म्हणते," असं सांगायचं. मग मुलाचा सगळा राग म्हातारीवर जायचा. काही जण तिला लाथ मारायचे, काहींचे वडीलसुद्धा मारायचे. बुटात कागदाच्या घड्या घालून आलेली, चवड्यांवर चालणारी, टाळूवर शेंडी बांधून आणलेली अशी कितीतरी मुलं आत्याने पाहिली होती. शेंडी दिसली की ती म्हणायची, "केस सोड बाई, म्हातारीला गुदगुल्या होतात."

आत्या हे नाव पार्कमध्ये पडण्याचं कारण तिची भाची. एकदा ती दादाबरोबर आली आणि रांगेतूनच "आत्याऽ" म्हणून ओरडली. तेव्हापासून सव्वीस वर्षांच्या या मुलीला साफसफाईवालेही आत्या म्हणू लागले.

आता म्हाताऱ्यांचं काम मनगटावरचा पट्टा करणार होता. बोटभर रुंदीचा रबरी पट्टा, आत एक चिप. तिकीट, लॉकर, जेवण, राइड, सगळं त्याच्यावर. राइडच्या तोंडाशी एक खांब, त्याला मनगट लावायचं. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर परत. उंची आधीच भरलेली असायची, घरी बसून, फोनवर. गेटवर रांग नको म्हणून. हे पट्टे घेऊन कंपनीचा जो माणूस आला होता त्याला सगळे पाठीमागे पट्टेवाला म्हणत. ते कानावर गेल्यावर तो दोन दिवस फुगून बसला होता. पण माणूस हुशार होता, आणि मनाने वाईट नव्हता. प्रशिक्षणाच्या दिवशी कुणीतरी त्याला विचारलं होतं, "आणि कुणी खोटी उंची भरली तर?"

"स्वतःच्या मुलाच्या जिवाशी कोण खोटं बोलेल?" तो म्हणाला होता.

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आत्यानेही.

उद्या पार्क नव्या पट्ट्यांवर सगळ्यांसाठी उघडणार होतं. आज रंगीत तालीम, फक्त कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी. भांडारातून बाहेर पडून आत्या ससाण्याकडे निघाली. ससाणा ही पार्कमधली सगळ्यात उंच राइड आणि ती आत्याची जागा. वाटेत मॅडम भेटल्या. पार्क त्याच चालवत.

"तू तिकडे कुठे? तुला आज पडद्याच्या खोलीत बसायचंय."

"मॅडम, मी फलाटावर थांबते ना. आजच्या दिवस."

"आजच तर बघायचंय तुझ्याशिवाय चालतं का ते." मॅडम हसल्या. "घाबरू नकोस, नोकरी कुठे जात नाही. पुढच्या महिन्यात तुला कायम करायचंय, माझ्या लक्षात आहे."

आत्याही हसली. मग पडद्याच्या खोलीकडे जाताना तिने दोनदा ससाण्याकडे वळून पाहिलं.

तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी वहिनी भाजी चिरता चिरता उठली होती आणि तिने लेकीला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला उभं केलं होतं. फोन आत्याच्या हातात होता. वहिनीने डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलीने रेघ मारली आणि टेपने मोजलं.

"एकशे सोळा. म्हणजे सहा महिन्यांत एक सेंटीमीटर. मुंगीच्या पावलांनी वाढतेय कार्टी."

मुंगी हे तिचं घरातलं नाव. आठ वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी, वर्गाच्या फोटोत कायम खाली जमिनीवर बसलेली. मागे वळून तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं, जणू ती पुसून जरा वर सरकवता आली असती. वहिनी पुन्हा विळीकडे गेली. फोनवर उंचीचा चौकोन रिकामा होता. आत्याने एकशे सोळा टाकलं, तेव्हा खाली ससाण्याचं नाव राखाडी झालं; त्याला एकशे वीस लागत. तिने शेवटचे दोन आकडे खोडून बदलले. एकशे वीस. ससाणा हिरवा झाला. मुंगीने ते पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं.

रात्रीच्या जेवणाआधी गॅलरीत आत्याने तिला जवळ घेतलं.

"हे तुझं-माझं. तुझ्या वर्गातला तो लंबू, आमच्या तिकीटवाल्याचा, तोही येणार ना, त्याच्यासमोर हिरवा दिवा लावून दाखवायचा, एवढंच. बसायचं नाही. मी तिथेच असणार. दिवा लागला की मला खूण करायची, अशी." तिने स्वतःच्या कानाची पाळी धरली. "मग मी तुला बाजूला घेईन. कबूल?"

"कबूल," मुंगी म्हणाली आणि तिनेही कान धरून दाखवला.

पडद्याची खोली गार होती आणि तिला खिडकी नव्हती. समोर भिंतभर पडद्यावर पार्कचा नकाशा, त्यावर ठिपके हलत होते, मोठ्यांचे मोठे, मुलांचे लहान. ठिपक्यावर बोट ठेवलं की पट्ट्याचा क्रमांक आणि उंची दिसायची. आत्याने सकाळी घरून निघताना तिघांचे क्रमांक पाठ केले होते. तिने त्यांना शोधून काढलं: दादा, वहिनी आणि त्यांच्या मध्ये उड्या मारणारा लहान ठिपका. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. १२०. आजूबाजूच्या खऱ्या उंचींपेक्षा ती उंची जराही वेगळी दिसत नव्हती.

"घरची मंडळी?" शेजारी बसलेल्या पट्टेवाल्याने विचारलं.

"हं."

"मजा करतायत. बघा कसे फिरतायत."

कामावर असताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता, त्यामुळे दादाला कळवायचं तर उठून जायला हवं होतं, आणि उठायचं तर कारण सांगायला हवं होतं. आत्याने मनाशी हिशेब मांडला. मुंगीने कबूल केलंय. मुंगी शब्द मोडणारी नाही. दादाला माहीत आहे ती एकशे सोळा आहे, तो नेणार नाही. वहिनी तर ससाण्याच्या सावलीलाही उभी राहणार नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी तिचं बोट त्या ठिपक्यावरून हलेना.

तिला ससाणा आतून बाहेरून ठाऊक होता. एका बाकावर दोघं, आणि दोघांना मिळून मांडीवर एकच दांडा. दांडा खाली येतो तो ज्याची मांडी जाड त्याच्यावर टेकून थांबतो. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या मांडीवर जागा उरते. पहिला उतार काही करत नाही. खरं काम दुसऱ्या चढाच्या माथ्यावर. तिथे गाडी खाली वळते आणि आतलं माणूस मात्र क्षणभर सरळच जात राहतं, बाकावरून उचललं जातं, दांड्याने धरलं तेवढंच राहतं. रोज सकाळी रिकामी गाडी सोडताना ते पाण्याने भरलेल्या पिशव्या बसवत. एकदा एक पिशवी अर्धीच भरली होती. ती कुंपणापलीकडे सापडली.

ठिपके फिरत्या घोड्यांकडे गेले. मग जेवणाकडे. बराच वेळ तिथेच थांबले. आत्या पाणी प्यायली. दुपार कलू लागली तेव्हा वहिनीचा ठिपका झाडांखालच्या बाकांपाशीच राहिला, आणि उरलेले दोन हलले, एक मोठा, एक लहान. ते कारंज्याला वळसा घालून सरळ ससाण्याच्या रांगेत शिरले.

"दादा, नको," आत्या म्हणाली.

"मला म्हणालात?" पट्टेवाल्याने विचारलं.

"ससाण्याच्या फलाटाला फोन लावा. गाडी थांबवायला सांगा."

त्याने फोन उचलला, पण नंबर दाबला नाही. "कारण काय लिहू? थांबवली की नोंद होते आपोआप."

"एक मूल लहान आहे."

"कुठलं?"

तिने ठिपका दाखवला. त्याने बोट ठेवलं. १२०. त्याच क्षणी ठिपक्याभोवती हिरवं वर्तुळ उमटलं आणि तो खांबाच्या पलीकडे गेला.

"हिरवा लागला की," तो म्हणाला.

"दिवा चुकलाय."

"दिवा चुकत नाही हो." तो कुरकुरत नव्हता, समजून घेत होता. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "आत भरलेलं चुकू शकतं. ते असेल तर मी आत्ता थांबवतो. कुणी भरलंय हे?"

आत्याने तोंड उघडलं. कायम करायचंय, लक्षात आहे. मॅडमचं हसू. माना डोलावणारी खोली. तोंडातून शब्द यायच्या ऐवजी पाय उठले. ती दार ढकलून पळत सुटली.

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. तिला साखळीचा आवाज ऐकू आला, कट, कट, कट. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढते तोवर गाडी थांबवता येते. साखळी सुटली की मग नाही. तिला हे माहीत होतं आणि तरी ती मागे वळली नाही. मागे वळून दारातून 'मी भरलंय' हे दोन शब्द ओरडण्यापेक्षा पुढे पळणं सोपं होतं. आइस्क्रीमच्या गाडीला तिची कंबर आपटली. कुणीतरी "अहो आत्या" म्हणालं. कारंज्यापाशी ती पोचली आणि आवाज थांबला.

ती कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. गाडी पहिल्या उतारावरून खाली गेली, किंकाळ्या झाल्या, नेहमीच्याच, आनंदाच्या. मग दुसरा चढ. चढावर गाडी हळू होते, तेव्हा तिला तिसऱ्या बाकावर दादाचा निळा शर्ट दिसला. त्याच्या शेजारी काही दिसत नव्हतं. गाडी माथ्यावर आली. निळ्या शर्टाशेजारी एक डोकं वर आलं, मग खांदे, मग पोटापर्यंत सगळं अंग, वाऱ्यात धरलेल्या कापडासारखं, आणि दादाचा हात त्याच्यावर आडवा पडला. गाडी खाली गेली. जाळीची तार आत्याच्या बोटांत रुतली होती.

ती फलाटावर पोचली तेव्हा गाडी आत येत होती. दांडे उघडले. बाकीचे हसत उतरले. दादा बसूनच होता. त्याचा उजवा हात अजून मुंगीच्या छातीवर होता, आणि तो काढायचा हे त्याला सुचत नव्हतं.

"दादा, हात काढ," आत्या म्हणाली.

त्याने काढला. "ती उचलली गेली गं," तो हळू म्हणाला, जणू मुंगीला ऐकू जाऊ नये. "मी फ्रॉक धरला म्हणून. नुसता फ्रॉक."

"तू आणलंस कशाला तिला? तुला माहीत होतं ना ती किती आहे."

"घरी एकशे सोळाच होती. पण दिवा हिरवा लागला." तो तिच्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, आपणच मोजायला चुकलो. तुमच्या मशीनला जास्त कळत असेल. आणि म्हटलं, तू इथे काम करतेस, तू असताना काय भीती."

आत्याने मुंगीला उचलून खाली उतरवलं. मुंगी रडत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि फ्रॉकची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली होती.

"मी कान धरला होता," ती म्हणाली. "खूप वेळ धरला होता, आत्या. तू दिसलीच नाहीस. मग मागचे ढकलायला लागले."

संध्याकाळी सगळ्यांना झाडांखालच्या बाकांवर बोलावलं. मुंगी वहिनीच्या मांडीवर होती, अंगावर दादाचा निळा शर्ट, दादा बनियनवर. वहिनीला फक्त एवढंच सांगितलं होतं की पोर घाबरली. वहिनीने आत्याकडे दोनदा पाहिलं होतं. पट्टेवाला कडेला उभा होता. तोही आत्याकडेच बघत होता, पण त्याने कुणाला काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

मॅडमच्या हातात कागद नव्हता. सगळं पाठ होतं.

"रांगेतला वेळ निम्म्यावर आलाय. एकही पट्टा बंद पडला नाही. आणि ज्याची आपल्या सगळ्यांना धास्ती होती ते. कमी उंचीचं मूल चुकीच्या राइडवर बसलं, असं किती वेळा झालं? शून्य."

टाळ्या पडल्या. भांडारवाल्या काकांनीही वाजवल्या.

"उद्या सकाळी गेट उघडतोय. पट्टे सगळे विकले गेलेत. घरोघरी लोकांनी माहिती भरून ठेवलीय." मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कुणाला काही सांगायचंय?"

आत्याला घरोघरीची स्वयंपाकघरं दिसली. दाराच्या चौकटी, पेन्सिलीच्या रेघा, आणि मांडीवर फोन घेऊन बसलेल्या आत्या, मामा, आजोबा, लाडाने अंगठा फिरवणारे.

ती उठली. पण मॅडमकडे न जाता काकांपाशी गेली. "काका, किल्ली द्या."

"कशाला?"

"द्या तर."

ती परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर ससाण्याची म्हातारी होती. कुणीतरी हसलं. "आली बघा, सासरी करमेना तिला," काका म्हणाले, आणि मग आत्याचा चेहरा पाहून बाजूला सरकले. बाकांजवळ नमुन्यादाखल एक खांब ठेवला होता, पट्टे तपासायला. आत्याने म्हातारी त्याच्या शेजारी फरशीवर सरळ उभी केली, तळ हलत नाही ना ते पायाने दाबून पाहिलं.

"मुंगी, ये."

वहिनीने लेकीला घट्ट धरलं. "आता अजून काय? पुरे झालं की तिला."

"वहिनी, एकदाच. मग तू मला काय बोलायचं ते बोल."

मुंगी स्वतःच मांडीवरून उतरली. शर्टाची लांब बाही मागे सारून तिने मनगट खांबाला लावलं. हिरवा दिवा लागला. मॅडम दोन पावलं पुढे आल्या.

"ही आज ससाण्यावर बसली होती," आत्या म्हणाली. "तिसऱ्या बाकावर."

मॅडमनी पट्टेवाल्याकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मग त्याने दुपारचाच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच समजुतीच्या आवाजात.

"कुणी भरलंय हे?"

"मी," आत्या म्हणाली. "घरी खरं माप घेतलं होतं. माझ्या समोर घेतलं होतं. मी बदललं."

वहिनीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. दादा उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

आत्या मुंगीसमोर गुडघ्यांवर बसली. "बूट काढू?" मुंगीने विचारलं.

"काढ. आणि टाचा उचलू नकोस."

"नाही उचलत."

मुंगी बूट काढून म्हातारीच्या हाताखाली गेली आणि पाठ खांबाला लावून उभी राहिली. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने दोन्ही हात वर केले, टाळूवरच्या शेंडीचा रबर ओढून काढला आणि केस खाली सोडले. आत्याने खिशातली पट्टी काढली आणि उभी धरली.

मुंगीचं डोकं आणि म्हातारीचा हात यांच्यामध्ये चार सेंटीमीटर जागा होती.